दुसरं यंत्र जागं आहे का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपली टिपणं एखाद्या अ‍ॅपच्या पोटात न ठेवता साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावीत, म्हणजे अ‍ॅप बंद पडलं तरी अक्षर हाती राहतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: फाइली केल्या, आता त्या लॅपटॉपवरून फोनवर आणि फोनवरून लेकीच्या घरी कशा न्यायच्या, तेही मधे कुठली कंपनी न घेता? पत्रं लांब होती, ती कापली आहेत. उत्तरं कापायला मन झालं नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली अकरा वर्षं चिपळूण-गुहागर भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. एक ओवी, एक फाइल. सोबत सांगणारीचं गाव आणि वर्ष. आता ११४० फाइली झाल्या आहेत. भाचा म्हणतो, बीकर नावाचा ब्राऊझर आहे, त्यात ठेवलं की सर्व्हर लागतच नाही, फाइली एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जातात. ठेवू का?
(चिपळूण)

उत्तर: बाई, भाच्याला सांगा, माहिती बरोबर आहे, फक्त शिळी आहे.

बीकरचं काम २०१६ मध्ये अमेरिकेत पॉल फ्रेझी यांनी सुरू केलं, पुढे टॅरा व्हॅन्सिल सोबत आल्या. दिसायला तो क्रोमचाच भाऊ, कारण आतलं इंजिन क्रोमियमचं. फरक होता पत्त्याच्या पट्टीत. नेहमीचा वेबपत्ता सांगतो की अमक्याच्या यंत्रावर जा आणि तिथली फाइल आण. बीकरचा पत्ता कुठल्याच यंत्राचं नाव घेत नसे. सुरुवातीला ‘डॅट’ आणि पुढे ६४ चिन्हांची माळ, ० ते ९ आणि ए ते एफ एवढ्यांचीच. ही माळ म्हणजे किल्ल्यांच्या जोडीतली उघडी किल्ली. तिची जोडीदार, गुप्त किल्ली, तुमच्या संगणकात.

तुम्ही बटण दाबून नवं दप्तर उघडायचं आणि ब्राऊझरमध्येच फाइल लिहायची. ब्राऊझर तिच्यावर गुप्त किल्लीने सही करतो आणि नोंदवहीत पुढे जोडतो. नोंदवही कशी, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असते तशी: मागचं पान फाडायचं नाही, खाडाखोड नाही, बदल असेल तर पुढच्या पानावर नवी नोंद. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याचा ब्राऊझर नेटवर विचारत सुटतो, ‘हे कोणाकडे आहे?’ ज्यांच्याकडे आहे ती यंत्रं हात वर करतात आणि तुकडे थेट त्यांच्याकडून येतात. प्रत्येक तुकडा सहीशी ताडून पाहता येतो. तुमच्या ओवीतल्या ‘सासुरवास’चा कुणी वाटेत ‘सासरवास’ केला, तर तो तुकडा तिथल्या तिथे नाकारला जातो.

मी या प्रकाराच्या प्रेमात पडलो होतो, लपवत नाही. सांगलीत १९९६ पासून माझं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) आणताना कुठलं जोडाक्षर कुठे फुटतं याची टिपणं मी वर्षानुवर्षं पाठकोऱ्या कागदांवर करायचो. २०१८ मध्ये ती सगळी बीकरमध्ये टाकली. ३२२ फाइली झाल्या. पत्ता दोघांना दिला: एक सोलापूरचा माझ्यासारखाच डीटीपीवाला, दुसरा पुण्यातला प्रूफ तपासणारा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा पेठेत आली. आम्ही दरवेळचा अंदाज धरून संगणक टेबलावर चढवून ठेवला होता. त्या वर्षी टेबलच पाण्याखाली गेलं.

पाणी ओसरल्यावर दुकानातला गाळ काढायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी बायकोच्या लॅपटॉपवर बीकर बसवला, तो ६४ चिन्हांचा पत्ता टाकला (सोलापूरकराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, माझ्या तो पाठ कुठला असायला) आणि फाइली यायला लागल्या. सोलापूरकराने ती नोंदवही स्वतःच्या संग्रहात जपून ठेवली होती, त्यामुळे त्याच्याकडून ३२२ च्या ३२२ आल्या. पुणेकराने नुसत्या अधूनमधून उघडून वाचल्या होत्या. त्याच्याकडे निघाल्या ४७, कारण जे उघडलंच नाही ते बीकर उतरवून घेत नसे. तेव्हा कोणी म्हणालं की ‘पाच जणांकडे माझी प्रत आहे’, तर मी आधी विचारतो, प्रत आहे की नुसती तोंडओळख?

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आजही बीकरचा भक्त असतो. पण मजकूर आला आणि गुप्त किल्ली गाळातच राहिली. त्या पत्त्यावर नवी ओळ लिहिण्याचा हक्क त्या किल्लीचा, आणि ती आता जगात कोणाकडेच नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही, कारण ते दाबलं तर विचारायचं कोणाला? मधे कोणी नको म्हणून तर आपण इकडे आलो. माझी नोंदवही त्या पत्त्यावर जुलै २०१९ ला जी थांबली ती थांबलीच. वाचा हवी तितकी, मालकालासुद्धा त्यात काना देता येत नव्हता. नवा पत्ता काढला, दोघांना कळवला, पुणेकर अजून जुनाच उघडून ‘तू काही लिहीत नाहीस हल्ली’ म्हणायचा.

तुमच्या कामाला आड येणारी दुसरी गोष्ट: त्या पद्धतीत एका नोंदवहीला लिहिणारं यंत्र एकच. गुप्त किल्लीची नक्कल दुसऱ्या संगणकावर नेऊन दोन्हीकडून लिहू म्हटलं, तर वहीला दोन शेपट्या फुटतात आणि वाचणाऱ्यांना खरी कुठली ते कळेनासं होतं. शिवाय बीकर विंडोज, मॅक, लिनक्सपुरताच होता. जात्याशेजारी बसून फोनवर ओवी टिपायची तर तो कामाचा नव्हताच.

२०२० मध्ये पत्त्याची सुरुवात ‘डॅट’ सोडून ‘हायपर’ अशी झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बीकरचं काम थांबवल्याचं त्यांनीच सांगितलं. फ्रेझी पुढे ब्लूस्काय या समाजमाध्यमाकडे गेले. आतलं तंत्र मेलेलं नाही. हायपरकोर या नावाने ते चालू आहे, कीट नावाचं गप्पांचं अ‍ॅप त्यावरच उभं आहे, आणि अ‍ॅग्रेगोर नावाचा लहानसा ब्राऊझर ‘हायपर’ पत्ते उघडतो. हौस म्हणून भाच्याला तो जरूर पाहू दे. ११४० ओव्या त्यात घालू नका.

तुम्ही सिंकथिंग नावाचं सॉफ्टवेअर घ्या. २०१३ पासून आहे, फुकट आहे, आणि तो ब्राऊझर नसला तरी त्याचं सगळं कामकाज तुमच्या नेहमीच्या ब्राऊझरमध्येच दिसतं: पत्त्याच्या पट्टीत १२७.०.०.१:८३८४ टाकायचं, म्हणजे तुमचाच संगणक स्वतःशी बोलतो. तो फाइली कुठेही हलवत नाही. तुमचा ओव्यांचा फोल्डर जिथे आहे तिथेच राहतो, सिंकथिंग फक्त त्यावर नजर ठेवतं आणि बदल झाला की जोडलेल्या यंत्रांकडे नेतं. प्रत्येक यंत्राला सात-सात अक्षरांच्या आठ गटांची ओळख मिळते. लॅपटॉपने फोनला आणि फोनने लॅपटॉपला, असं दोघांनी एकमेकांना ‘हो’ म्हटल्याशिवाय काही जात नाही. अक्षरं टिपत बसू नका, पडद्यावरचा क्यूआर फोनने टिपा. अँड्रॉइडवरचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, मी ‘सिंकथिंग-फोर्क’ नावाचं वापरतो.

आणि बाई, एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ आहे, तिथे ‘ट्रॅश कॅन’ निवडा, आणि हे प्रत्येक यंत्रावर वेगवेगळं करा. कारण सिंक आज्ञाधारक असतं. फोनवर चुकून शंभर ओव्या पुसल्या गेल्या, तर ते इमानेइतबारे लॅपटॉपवरच्याही शंभर पुसतं. व्हर्जनिंग चालू असेल तर दुसऱ्या यंत्रावरून पुसलेलं एका बाजूच्या फोल्डरात पडून राहतं. शिवाय दर संक्रांतीला, गुढीपाडव्याला, गणपतीत आणि दिवाळीला एका पेनड्राइव्हवर सगळं उतरवून तो तिजोरीत, दागिन्यांशेजारी. आमच्याकडे तो आता माळ्यावर असतो, का ते वर आलंच आहे.

प्रश्न: हे टोरेंटसारखंच दिसतंय. बेकायदा तर नाही ना?
(नांदेड)

उत्तर: नाही. टोरेंटही बेकायदा नाही, त्यावरून लोक काय काय वाटतात ते असू शकतं. एस.टी.तून कोणी दारू नेली म्हणून एस.टी. बेकायदा होत नाही.

प्रश्न: मी मेलबर्नला असतो, आई साताऱ्यात एकटी. ती रोज बीपी आणि घेतलेल्या गोळ्या फोनवर एका फाइलीत लिहिते. गेल्या खेपेला आलो तेव्हा तिच्या फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवर सिंकथिंग बसवून दिलं. पहिला आठवडा झकास. आता कधी चार-चार दिवस काही येत नाही, मग एकदम येतं. बिघाड कुठे आहे?
(मेलबर्न)

उत्तर: बिघाड नाही, भेट होत नाहीये. थेट यंत्र ते यंत्र म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच वेळी जागी आणि नेटवर हवीत. मधे टपालपेटी नाही. कंपनीच्या ढगात तुमची आई सकाळी टाकते आणि तुम्ही रात्री उचलता, कारण कंपनीचं यंत्र मधे अहोरात्र जागं असतं. इथे ते काम करायला कोणीच नाही. तुमच्यात साडेचार तासांचं अंतर, तुमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेलं की साडेपाच. आई सकाळी आठला बीपी लिहून डेटा बंद करत असतील (माझी आई करायची, ‘उगाच कशाला जळत ठेवायचं’), तेव्हा तुमच्याकडे दुपार आणि घरचा लॅपटॉप मिटलेला. संध्याकाळी तुम्ही तो उघडता तेव्हा आईंचा फोन देवघरात, सिंकथिंग झोपलेलं. शनिवारी केव्हातरी दोघं एकत्र सापडतात आणि चार दिवसांचं एकदम येतं.

त्यात अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अ‍ॅप्स गुपचूप झोपवतो. सेटिंगमध्ये सिंकथिंगपुरतं ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ बंद करा. ते नसेल केलं तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

खरा इलाज म्हणजे तिसरं यंत्र, जे कधीच झोपत नाही. साताऱ्याच्या घरी वायफाय असेल तर एखादा टाकाऊ लॅपटॉप नाहीतर जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून कपाटावर ठेवा आणि तिघांना एकमेकांशी जोडा. आईंचा फोन त्याला घरातल्या घरात देईल, बाहेरचं नेट नसलं तरी. तुम्ही रात्री दोनला उठून पाहिलंत तरी तो देईल. तेवढं इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा.

माझा तिसरा गडी दुकानात काउंटरखाली आहे: बिजागरी तुटलेला, पडदा गेलेला लॅपटॉप. मागच्या वर्षी सलग दोन आठवडे घरी काहीच येईना. मी राउटर बदलायच्या बेतात होतो. शेवटी वाकून पाहिलं, तर मदतीला येणाऱ्या पोराने प्लग काढून तिथे स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर लावला होता. आता त्या प्लगला चिकटपट्टी आहे आणि वर मंगल फाँटात, ठळक, २४ पॉइंट: ‘काढू नये’.

तुम्ही पत्रात असंही विचारलं आहे की मधे काहीच नाही तर दोन्हीकडच्या राउटरमधून वाट कशी मिळते. आपल्याकडच्या मोबाईल नेटवर हजारो लोक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून कोणी थेट आईंच्या फोनचं दार वाजवू शकत नाही. दोन्ही यंत्रं एकाच वेळी आतून बाहेर हाक मारतात आणि त्या फटीतून जोडणी होते. ते जमलंच नाही तर सिंकथिंग स्वयंसेवकांनी चालवलेल्या एखाद्या मधल्या यंत्रावरून पाठवतं. म्हणजे मधे कधीमधी कोणीतरी असतं, पण मजकूर कुलूपबंद जातो, त्यांना वाचता येत नाही. वेग मात्र बैलगाडीचा. बीपीच्या आकड्यांना तो पुरे.

आणि आईंच्या फोनवर फोल्डरचा प्रकार ‘सेंड ओन्ली’ करून ठेवा. तुमच्याकडून काही पुसलं गेलं तरी त्यांच्या वहीला धक्का नको.

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ, द्राक्षबाग. कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती लिटरला किती, हे फवारणीचं टिपण एका फाइलीत ठेवतो. मी घरी लॅपटॉपवर लिहितो, धाकटा प्लॉटमध्ये फोनवर. प्लॉटमध्ये रेंज नाही. संध्याकाळी तो घरी आला की कधीकधी फाइलीच्या शेजारी ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं लांबलचक नावाचं दुसरं पिल्लू दिसतं. कुठली खरी? निर्यातीच्या मालाचा प्रश्न आहे.
(तासगाव)

उत्तर: दोन्ही खऱ्या, आणि म्हणूनच घोळ. सकाळी दोघांकडे एकच फाइल होती. तुम्ही घरी डाऊनीची फवारणी लिहिली, त्याने प्लॉटात भुरीची लिहिली. संध्याकाळी दोन्ही यंत्रं भेटली तेव्हा कळलं की एकाच फाइलीचे दोन वारस आहेत. सिंकथिंग आतला मजकूर वाचत नाही, त्याला डाऊनी आणि भुरी सारखीच. ज्या फाइलीची वेळ नंतरची ती मूळ नावाने राहते, आधीची असेल तिच्या नावाला ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख, वेळ आणि यंत्राची खूण चिकटते. काही पुसलेलं नाही, तेवढं समाधान. पण धाकट्याच्या फोनचं घड्याळ पुढे असेल तर त्याची फाइल कायम जिंकणार, हेही लक्षात घ्या.

दोन्ही बदल आपोआप एकात विणणारं तंत्र आहे, त्याला सीआरडीटी म्हणतात. पण त्याला प्रत्येक अक्षर कोणी कधी लिहिलं याचा इतिहास सोबत वागवावा लागतो, म्हणजे साधी फाइल साधी राहत नाही. तुम्हाला ते नको. तुम्हाला हवं आहे ते तुमच्या आजोबांनी केलं असतं: दोघांना दोन वह्या.

दिवसाला आणि माणसाला एक फाइल करा. नाव असं: ‘२०२५-११-०४-थोरला’, ‘२०२५-११-०४-धाकटा’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप तारखेने लागतात. तुम्ही त्याच्या फाइलीला हात लावायचा नाही, त्याने तुमच्या. चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या स्वतःच्या फाइलीत ‘काल चुकीचं लिहिलं’ असं लिहायचं. पिल्लू पुन्हा दिसणार नाही. काढणीच्या वेळी औषध आणि तोडणी यांच्यातले दिवस मोजताना फोल्डर उघडून औषधाचं नाव शोधा, दोघांच्या सगळ्या तारखा समोर येतील.

आत्ता जी पिल्लं पडली आहेत ती पुसायच्या आधी मूळ फाइलीशेजारी उघडून एक-एक ओळ ताडून बघा. धाकट्याला शेजारी बसवून. कंटाळवाणं आहे, एका संध्याकाळचं काम आहे.

प्रश्न: वऱ्हाडी बोलीतल्या शब्दांच्या माझ्या सुमारे सहाशे फाइली आहेत. तीन त्रास आहेत. काही फाइली फोनवर येतच नाहीत. ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात दिसतात, जे अशक्य आहे असं मुलगा म्हणतो. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर अर्ध्या ठिकाणी सापडतो, अर्ध्या ठिकाणी नाही. जुन्या फाइली एका मुद्रणालयातल्या मॅकवरून झिप करून आल्या होत्या.
(अमरावती)

उत्तर: या पत्रावर मी अख्खा रविवार घालवला, आणि मजेत घालवला. तिन्ही त्रास आपल्या लिपीचे आहेत. ज्यांनी ही सॉफ्टवेअरं लिहिली त्यांच्या फाइलींच्या नावांत हे कधी आलंच नसेल.

पहिला. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणकाच्या लेखी स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी: सहा चिन्हं, अठरा बाइट. म्हणजे सगळं मिळून ८५ चिन्हं. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतं आणि २५५ पर्यंत जाऊ देतं. तुम्ही फाइलीच्या नावातच अख्खी म्हण लिहिली आहे, ती विंडोजवर मावते आणि फोनच्या दारात अडकते. नाव साठ चिन्हांच्या आत ठेवा, म्हण फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहा. साठ अशासाठी की वरच्या तासगावकरांसारखं पिल्लू पडलंच तर त्याच्या शेपटीला जागा हवी. नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम नको, विंडोज ते घेत नाही.

दुसरा, दोन ‘वऱ्हाड’. मुलाचं बरोबर आहे, एका नावाच्या दोन फाइली एका फोल्डरात राहू शकत नाहीत. ही दोन नावं आहेत. आपला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अख्खा ‘ऱ’ एका चिन्हात, किंवा साधा ‘र’ आणि त्याच्या पायाशी नुक्ता, अशी दोन चिन्हं. डोळ्याला फरक नाही. जुने मॅक फाइलीच्या नावातला ‘ऱ’ नेहमी फोडून, दुसऱ्या तऱ्हेने ठेवायचे. झिप केल्यावर तो फुटलेलाच आला. तुम्ही विंडोजवर स्वतः टंकलेला ‘ऱ’ अख्खा. विंडोजला वाटलं ही दोन वेगळी गावं. दोन्ही फाइली उघडा, ज्यात जास्त मजकूर आहे ती ठेवा आणि तिचं नाव स्वतः पुन्हा टंका. सिंकथिंगमधून येणारी नावं ते आपोआप एकसारखी करतं, पण झिपमधून आधीच दोन्ही तऱ्हा येऊन बसल्या असतील तर तिथे तुम्हालाच हात घालावा लागेल.

तिसरा त्रास याच घराण्यातला. ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा र लिहायच्याही दोन वाटा. एक: ‘ऱ’ आणि हलन्त आणि ‘य’. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो. दुसरी: साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि ‘य’. जुन्या ऑपरेटरांची बोटं दुसऱ्या वाटेला सरावलेली, माझीही होती. छापल्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, त्यामुळे वीस वर्षं कोणाला फरक पडला नाही. शोधायची वेळ आली तेव्हा पडला.

उपाय: आधी अख्ख्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. सिंकथिंग थांबवा. मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘फाइंड इन फाइल्स’ उघडा. न सापडणाऱ्या एखाद्या ‘दुसऱ्या’मधला ‘र्‍या’ तिथूनच उचलून ‘शोधा’च्या चौकटीत चिकटवा, आणि ‘बदला’च्या चौकटीत शिफ्टवाला ‘ऱ्या’ नव्याने टंका. मग तेच ‘ऱ्ह’साठी करा. वऱ्हाडी शब्दसंग्रहात ‘ऱ्ह’ किती वेळा येत असेल ते तुम्हीच जाणता. झालं की सिंकथिंग चालू करा आणि फोनला रात्रभर चार्जिंगला लावून सोडा.

काय निघतं ते मला कळवा. माझ्या त्या ३२२ टिपणांत हे तेव्हा नव्हतं, आता ३२३ वं लिहिलं आहे.

प्रश्न: फोन हरवला तर नोंदी चोराच्या हाती?
(ठाणे)

उत्तर: हो. वाटेतला मजकूर कुलूपबंद असतो, पण फोनमध्ये फाइल उघडीच असते. फोनला पडद्याचं कुलूप हवंच. दुसऱ्या यंत्रावरून त्या हरवलेल्या फोनची ओळख काढून टाका, म्हणजे इथून पुढचं त्याला मिळणार नाही. आधी उतरवलेलं परत मागवता येत नाही. बँकेचे आकडे असल्या फोल्डरात ठेवूच नका.

प्रश्न: आमची ही म्हणते, एवढा खटाटोप कशाला, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवावं. तिचं काय चुकलं?
(बेळगाव)

उत्तर: काहीच नाही. स्वतःला निरोप पाठवायची सोय २०२२ च्या अखेरीस आली, तेव्हापासून अर्धा महाराष्ट्र आणि तुमचं बेळगाव तेच करतं. त्यातून सात वर्षांनी एखादी ओळ बाहेर काढायची वेळ आली, की मात्र अंगठा दुखेपर्यंत पडदा वर सरकवावा लागतो. ज्या नोंदीला सात दिवसांचंच आयुष्य आहे तिला ते उत्तम. वहिनींना सांगा, मी स्वतःला पाठवलेला शेवटचा निरोप असा आहे: ‘नारळ २, उदबत्ती, ए-फोर दोन रिम, स्पीकरवाल्या पोराचा पगार.’